वनविभाग आणि आपली ग्रामपंचायत: सातारा-सांगलीत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्रामसभेत, तालुक्याच्या प्रशिक्षणात आणि चहाच्या टपरीवर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. सोयीसाठी सगळीकडे 'ग्रामपंचायत' म्हटलंय. नगरपालिकेला किंवा नगरपंचायतीला काही वेगळं लागू असेल तर ते त्या-त्या ठिकाणी सांगितलंय.

'फॉरेस्टवाले' म्हणजे नेमके कोण? गावाने कुणाकडे जायचं?

सर्वात जवळचा माणूस म्हणजे बीटवरचा वनरक्षक, ज्याला सगळे 'गार्ड' म्हणतात. त्याच्यावर वनपाल, मग वनक्षेत्रपाल म्हणजे आपले 'रेंजर', मग सहायक वनसंरक्षक आणि जिल्ह्याला उपवनसंरक्षक. सातारा आणि सांगली हे दोन्ही विभाग कोल्हापूर वनवृत्ताखाली येतात.

पण कोयना आणि चांदोलीच्या बाजूची गावं वेगळ्या चौकटीत आहेत. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून 2010 साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. त्याचा कारभार वन्यजीव शाखेकडे आहे आणि क्षेत्र संचालक कोल्हापुरात बसतात. त्यामुळे मणदूर किंवा बामणोलीच्या बाजूच्या माणसाने 'प्रादेशिक'च्या, म्हणजे अभयारण्याबाहेरचं जंगल बघणाऱ्या शाखेच्या, रेंजरकडे अर्ज दिला की तो 'वन्यजीव'कडे बोट दाखवतो, आणि उलटही होतं. पहिल्याच दिवशी विचारून घ्या: आमच्या शिवाराला लागलेली वनजमीन प्रादेशिकची, वन्यजीवची की सामाजिक वनीकरणाची? या एका प्रश्नाने पुढचे हेलपाटे वाचतात.

जंगल सरकारचं. मग ग्रामपंचायतीला विचारतंय कोण?

कायदा विचारायला सांगतो, तेही एका नाही, चार-पाच ठिकाणी. जैवविविधता कायदा 2002 चा आहे. त्यातल्या कलम 41 प्रमाणे प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असलीच पाहिजे. वनहक्क कायदा 2006 चा, त्यात ग्रामसभेशिवाय पान हलत नाही. वन्यजीव कायद्यात संवर्धन राखीव क्षेत्राच्या समितीवर हद्दीतल्या प्रत्येक ग्रामपंचायतीचा एक प्रतिनिधी असतो. नुकसानीच्या पंचनाम्यालाही गावपातळीवरचे कर्मचारी लागतात.

अधिकाराची वाटणी साधारण अशी: वनजमिनीवर वनविभागाची सत्ता, आणि वन्यप्राणी कुठेही असला, अगदी तुमच्या गोठ्यात, तरी तो त्यांच्याच कायद्याखाली. गावठाण, कचरा, दिवाबत्ती, पाणी आणि गावचा विकास आराखडा ग्रामपंचायतीचा. बिबट्या गावात येतो तो या दोन्हीच्या मधल्या जागेत, म्हणून भांडणं होतात.

एका गावात किती समित्या? सगळ्या लागतात का?

डोंगरी गावात तीन तरी सापडतील. वनविभागाबरोबर जंगल राखायला संयुक्त वन व्यवस्थापन समिती. तिचा सचिव वनविभागाचा कर्मचारी असतो. व्याघ्र प्रकल्पाच्या बफर गावांत ग्राम परिस्थितीकीय विकास समिती, डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन वन विकास योजनेतला गॅस, सौर कुंपण वगैरे तिच्यामार्फत येतं. आणि तिसरी जैवविविधता समिती, जी ग्रामपंचायतीची स्वतःची असते.

बहुतेक ठिकाणी तिन्हींत तीच चार-पाच नावं असतात, आणि बायकांची नावं सहीपुरती. नियमांनी महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींना जागा ठेवल्यात त्या दाखवण्यासाठी नाहीत. हिरडा गोळा करणारी, रानभाजी ओळखणारी, पाण्याला जाताना गव्याच्या वाटा बघणारी माणसं समितीत नसतील तर तिथे माहिती येणार कुठून? समिती नव्याने बसवत असाल तर सदस्यसंख्या राज्य जैवविविधता मंडळाच्या ताज्या परिपत्रकावरून ताडून घ्या, कारण 2023 मध्ये कायद्यात दुरुस्ती झालीय.

लोक जैवविविधता नोंदवही आमच्याकडे आहे. कपाटात. तिचं करायचं काय?

जैवविविधता समितीने ठेवायची गावच्या निसर्गाची ही वही आधी बाहेर काढून वाचायची. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने देशभरातल्या नोंदवह्यांसाठी 31 जानेवारी 2020 ही मुदत घातली, तेव्हा बऱ्याच नोंदवह्या घाईत उरकल्या गेल्या. माणदेशातल्या कोरड्या गावाच्या वहीत घनदाट जंगलातली झाडं दिसली तर ती कुठून आली असतील हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

दुरुस्ती ग्रामपंचायत स्वतः करू शकते. वहीत फक्त वाघ-बिबटे आणि औषधी वनस्पती नसतात; शेतातले वाण, जनावरांच्या जाती, तळी, देवराया आणि त्यांच्याबद्दलची माहिती ज्यांच्याकडे आहे ती माणसंही असतात. कोरेगावचा वाघ्या घेवडा, आटपाडी-माणचा खिलार, जतकडची माडग्याळ मेंढी हे सगळं त्यात बसतं. महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर 2022 मध्ये 'मधाचं गाव' झालं. तिथल्या मधमाश्या कुठल्या फुलोऱ्यावर कधी जातात ही नोंदसुद्धा जैवविविधतेचीच.

वहीचा खरा उपयोग हद्दीवरून वाद निघाला की कळतो. ओढ्यावर खाण येणार, टेकडी सपाट होणार, तेव्हा 'इथे अमुक होतं' हे सांगायला तारीख घातलेली, ग्रामसभेने मंजूर केलेली नोंद असेल तर हरकतीला वजन येतं. बांधकाम सुरू झाल्यावर केलेल्या नोंदीला तेवढं येत नाही.

समितीला पैसा कुठून?

कायद्यात स्थानिक जैवविविधता निधीची तरतूद आहे, आणि व्यापारासाठी जैविक साधनं गोळा करणाऱ्यांकडून शुल्क घेता येतं. प्रत्यक्षात शुल्क फार थोड्या ठिकाणी वसूल होतं. चालणारा मार्ग म्हणजे काम विकास आराखड्यात घालणं: रोपवाटिका, पाणवठा, देवराईभोवतीची दगडी ताल रोजगार हमीत किंवा वित्त आयोगाच्या निधीत बसते का ते 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेआधी बघा. मार्चमध्ये मागायला गेलात की सगळ्यांची तिजोरी बंद असते.

वाडीला रस्ता हवाय, मधे वनजमीन आहे. फॉरेस्ट अडवतं. काय करायचं?

हा पाटण, जावळी आणि शिराळ्यातला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न.

वनहक्क कायद्याच्या कलम 3(2) मध्ये 13 सार्वजनिक सोयींची यादी आहे. शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रेशन दुकान, वीज, पिण्याच्या पाण्याची टाकी आणि पाइपलाइन, रस्ता, समाजमंदिर हे त्यात येतं. अटी अशा: प्रत्येक कामाला एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन लागावी, हेक्टरी 75 पेक्षा जास्त झाडं तुटू नयेत, आणि ग्रामसभेची शिफारस असावी. या अटींत काम बसत असेल तर प्रस्ताव दिल्लीला पाठवावा लागत नाही. उपवनसंरक्षकाच्या पातळीवर निर्णय होऊ शकतो.

काम अडतं ते बहुतेक वेळा कागदावर. ग्रामसभेला पुरेसे लोक नसतात. या विषयासाठी निम्म्या सदस्यांची हजेरी धरली जाते, नेहमीच्या सभेसारखं पंधरा-वीस जणांत उरकून चालत नाही. मोजणी नसते. ठरावात 'वाडीचा रस्ता' एवढंच लिहिलेलं असतं. लांबी, रुंदी, गट नंबर, कंपार्टमेंट (वनखंड) नंबर काहीच नाही. किंवा सगळ्यात वाईट, ठेकेदार आधी जेसीबी घालतो आणि गुन्हा दाखल झाल्यावर ग्रामपंचायत परवानगी शोधत बसते. तिथून परत फिरायला वर्षं जातात.

अभयारण्य किंवा राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत मात्र हिशोब वेगळा. तिथे प्रस्ताव वन्यजीव मंडळाकडे जातो आणि तो लांबचा रस्ता आहे. ते आधीच सांगून टाकावं, निवडणुकीत 'तीन महिन्यांत रस्ता' असा शब्द देऊ नये.

बिबट्या दिसला. ग्रामपंचायतीने ठराव केला की पिंजरा लावतात ना?

नाही. बिबट्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे आणि त्याला पकडायला राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. नुसता दिसला म्हणून ती मिळत नाही, आणि मिळूही नये असं आमचं मत आहे. जुन्नर भागात 2000 नंतरच्या काही वर्षांत बिबटे पकडून दुसरीकडे सोडले गेले. त्या काळात माणसांवरचे हल्ले वाढले. एक उचलला की त्याच्या जागी दुसरा येतो, आणि सोडलेला अनोळखी मुलखात भटकतो.

ग्रामपंचायतीच्या हातात जे आहे ते कमी नाही. वेशीबाहेर टाकलेली कोंबड्यांची घाण आणि मेलेली जनावरं उचला. भटकी कुत्री कचऱ्यावर जमतात आणि बिबट्या कुत्र्यांच्या मागे येतो. वस्तीवरचे दिवे चालू ठेवा. वस्तीवरच्या शेळ्यांना जाळीचा बंदिस्त गोठा करून घ्या. ऊस अगदी घराच्या भिंतीला टेकला असेल तर दोन काकऱ्या सोडायला शेतकऱ्याला सांगा. ऐकेलच असं नाही, पण सांगा.

ऊसतोडीत बिबट्याची पिल्लं सापडली तर?

कराड, वाळवा, शिराळा पट्ट्यात हे हंगामात घडतंच. तोड थांबवा, पिल्लांना हात लावू नका, फोटो तर मुळीच काढू नका. वनविभागाला 1926 या टोल-फ्री क्रमांकावर किंवा थेट गार्डला कळवा. पथक आलं की पिल्लांची तपासणी करून ती बहुधा त्याच फडात, सापडली त्याच जागेजवळ, संध्याकाळी क्रेटमध्ये ठेवतात आणि कॅमेरा लावतात. अंधार पडल्यावर मादी येते, क्रेट हुंगते आणि एकेक पिल्लू मानेला धरून नेते. कधी पहिल्या रात्री येते, कधी दुसऱ्या.

एवढ्या वेळात सरपंचाचं काम एकच: गर्दी हटवणं. रस्त्यावर शंभर मोटारसायकली उभ्या असतील तर मादी येणार नाही, आणि आली तर चिडलेली येईल. कारखान्याच्या चिटबॉयला आणि टोळीच्या मुकादमाला लगेच सांगा की हा फड एक-दोन दिवस थांबेल. गाडी रिकामी जाणार म्हणून मुकादम कुरकुर करतो, तेव्हा त्याला पोलिस पाटलाने समजावलेलं जास्त लागू पडतं.

नुकसानभरपाई कशी मिळते? ग्रामपंचायतीचा त्यात काय भाग?

माणूस मृत्युमुखी पडल्यास वारसांना 25 लाख रुपये. गाय, बैल, म्हैस मारली गेली तर बाजारभावाच्या 75 टक्क्यांच्या हिशोबाने, वरची मर्यादा धरून. पिकाचं नुकसान गवा, रानडुक्कर, हरीण यांच्यामुळे झालं असेल तर पंचनाम्यावरून.

मुदत चुकली की सगळं मुसळ केरात. जनावराची खबर 48 तासांच्या आत, पिकाची तीन दिवसांच्या आत द्यायची. पंचनामा होईपर्यंत मेलेलं जनावर हलवायचं नाही. वास सुटतो म्हणून रात्रीत पुरलं आणि दुसऱ्या दिवशी भरपाईसाठी धावाधाव, असं नेहमी होतं. पिकाच्या पंचनाम्याला वनविभागाबरोबर तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी विभागाचा माणूस लागतो. यांतला एक नसला की तारीख पडते. तिथे ग्रामपंचायतीने मध्ये पडून सगळ्यांना एका वेळी बांधावर आणणं ही मोठी मदत आहे.

सागरेश्वरच्या भोवतालच्या गावांना हा प्रश्न वर्षानुवर्षं आहे. धों. म. मोहिते यांच्या चिकाटीतून उघड्या माळावर उभं राहिलेलं ते अभयारण्य, जेमतेम 11 चौरस किलोमीटर, चहूबाजूंनी शेती. हरणांनी कुंपण ओलांडलं की थेट शेतकऱ्याच्या पिकात. अशा ठिकाणी एकेक अर्ज देत बसण्यापेक्षा लागून असलेल्या ग्रामपंचायतींनी कुंपण कुठे फाटलंय याची एकत्रित यादी दर पावसाळ्याआधी रेंजरला द्यावी.

वणवा लागला तर विझवायची जबाबदारी कुणाची?

वनहद्दीत वनविभागाची. पण भारतीय वन अधिनियम, 1927 च्या कलम 79 प्रमाणे जंगलात चराई, लाकूडफाटा असे हक्क असणाऱ्यांनी मदत करणं बंधनकारक आहे.

सातारच्या बाजूला वणवा बहुतेक वेळा जंगलात सुरू होत नाही. कुणी बांध पेटवतो, कुणी पाचट, कुणी 'गवत जाळलं की पुढच्या वर्षी जोमाने येतं' म्हणून मालकीचा डोंगर. दुपारचा वारा सुटला की आग वर चढते. 15 फेब्रुवारी ते 15 जून हा हंगाम धरतात, म्हणून जाळरेषा, म्हणजे आग अडवायला गवत काढून मोकळे केलेले पट्टे, त्याआधी निघायला हव्यात. मालकीच्या रानाची हद्द आणि वनहद्द जिथे भिडते तिथली रेषा कुणी काढायची यावर दोघंही थांबतात आणि ती राहून जाते. हे जानेवारीच्या 26 तारखेच्या ग्रामसभेत गार्डला बोलावून ठरवा. कोणत्या डोंगराला कोण धावणार, कुणाकडे टॉर्च, कुणाकडे ब्लोअर, हे नावांनिशी लिहून फलकावर लावा.

कास पठारावर नेमकी कुणाची सत्ता चालते?

एकाची नाही, आणि म्हणूनच तिथून शिकण्यासारखं आहे. पठार वनविभागाचं. तलाव सातारा नगरपालिकेचा. शहराला तिथून पाणी येतं. रस्ता बांधकाम विभागाचा. यवतेश्वरपासून वर रस्त्याच्या कडेची हॉटेलं आणि बांधकामं महसूलच्या परवानगीची बाब. आणि फुलांच्या हंगामातलं व्यवस्थापन कास, एकीव, आटाळी, कासाणी अशा गावांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समित्यांचं.

2012 साली पश्चिम घाट जागतिक वारसा झाला, त्यातल्या महाराष्ट्रातल्या चार स्थळांपैकी कास एक. कोयना, चांदोली आणि राधानगरी बाकीची. त्यानंतर गर्दी अशी वाढली की फुलं कमी आणि चपला जास्त. मग प्रवेशशुल्क, ऑनलाइन नोंदणी, दिवसाला 3000 जणांची मर्यादा आली. शिट्टी गळ्यात अडकवून तेरड्याच्या गालिच्यात पाय टाकणाऱ्याला बाहेर काढणारा पोरगा त्याच गावांतला असतो. शुल्कातून त्याचा पगार निघतो, म्हणून तो मनापासून शिट्टी वाजवतो.

कुंपणाचा वाद मात्र आठवण्यासारखा आहे. पठाराला तारेचं कुंपण घातलं गेलं. गुरं चरायची थांबली, प्राण्यांची ये-जा अडली. चराई आणि फुलं यांचं नातं इतकं सरळ नव्हतं, असं स्थानिक आणि अभ्यासक दोघंही सांगू लागले आणि शेवटी ते काढलं गेलं. गावाचं म्हणणं पहिल्यांदाच नीट नोंदवून घेतलं असतं तर तारेचा खर्च वाचला असता.

महाबळेश्वर-पाचगणीला वेगळे नियम का?

तो पट्टा 17 जानेवारी 2001 च्या केंद्राच्या अधिसूचनेने पर्यावरण संवेदनशील क्षेत्र झाला. क्षेत्र सुमारे 124 चौरस किलोमीटर. दोन्ही नगरपालिका आणि आजूबाजूची गावं त्यात येतात, आणि वर देखरेखीला उच्चस्तरीय संनियंत्रण समिती. नगरपालिकेने बांधकामाची परवानगी दिली म्हणजे विषय संपला असं तिथे नसतं. नियमांमुळे कामं अडतात अशी तक्रार आहेच, पण कचरा डेपोच्या जागी पाचगणी नगरपालिकेने 'स्वच्छ भारत पॉइंट' उभा केला तो याच नियमांच्या आत राहून.

पश्चिम घाट पर्यावरण संवेदनशील क्षेत्राच्या मसुद्यात आमचं गाव आहे. शेती बंद होणार का?

नाही. पहिला मसुदा 10 मार्च 2014 चा, सहावा 31 जुलै 2024 चा. त्यातली बंदी खाणी, दगडखाणी, वाळू उपसा, नवे औष्णिक वीज प्रकल्प, 'लाल' म्हणजे जास्त प्रदूषण करणाऱ्या वर्गातले नवे उद्योग आणि 20,000 चौरस मीटरपासून पुढची मोठी बांधकामं यांवर आहे. सातबारा, शेती, घरदुरुस्ती यांना हात लावलेला नाही. 'पोराला घर बांधता येणार नाही' हे गावात कोण सांगत फिरतंय आणि त्याची जमीन कुठे आहे, हे एकदा बघून घ्यावं.

हरकत घ्यायची असेल तरी घ्या, तो हक्क आहे. फक्त मसुद्याचं मराठी वाचून घ्या, शेजारच्या गावाच्या ठरावाची झेरॉक्स पाठवू नका.

शहरात झाड तोडायचं असेल तर वनविभागाकडे जायचं का?

सातारा, कराड नगरपालिका किंवा सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेच्या हद्दीत वृक्ष प्राधिकरणाकडे, 1975 च्या कायद्याखाली. 50 वर्षांवरचं झाड असेल तर 2021 च्या दुरुस्तीने ते वारसा वृक्ष ठरतं आणि चाळणी कडक होते. खेड्यात मालकीच्या रानातलं अनुसूचित (कायद्याच्या यादीतलं) झाड असेल तर 1964 च्या कायद्याप्रमाणे वनविभागाची परवानगी.

शिराळ्याच्या नागपंचमीचं काय?

उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर जिवंत नाग पकडणं, मिरवणं यावर निर्बंध आले. अंमलबजावणी वनविभागाची, पण बंदोबस्त, फलक, मंडळांच्या बैठका यांत नगरपंचायत आणि पोलिस असतात. भावनेचा विषय आहे, आदल्या दिवशी नोटीस चिकटवून भागत नाही. मंडळांशी बोलणी महिनाभर आधी सुरू व्हायला हवीत.

आमचा तलाव मायणीसारखा राखीव होऊ शकतो का?

होऊ शकतो. मायणी-येरळवाडी भागातल्या तलावांना संवर्धन राखीवचा दर्जा आहे, पश्चिमेला जोर-जांभळीही. सरकारी जमीन असेल आणि स्थानिकांशी चर्चा झाली असेल तर शासन तसं जाहीर करतं. अभयारण्यासारखे कडक निर्बंध नसतात. मासेमारी आणि शेतीच्या पाण्याचं काय होणार हे पहिल्याच बैठकीत विचारा, लेखी उत्तर मागा.

सदस्य मंडळ नाही, प्रशासक आहे. मग?

जिल्हा परिषदांवर 2022 पासून बराच काळ प्रशासक होते, तरी ग्रामसभा थांबल्या नव्हत्या. ग्रामसभेचे हक्क निवडून आलेल्या मंडळावर अवलंबून नाहीत.

वनविभाग दखल घेईल असा ठराव कसा लिहायचा?

एका ठरावात एकच मागणी. गट नंबर, वनकंपार्टमेंट, अंतर, तारीख. ग्रामपंचायत स्वतः काय करणार हेही त्यातच. उदाहरणार्थ: 'गावच्या उत्तरेकडील वनहद्दीला लागून असलेल्या अमुक गटापासून ओढ्यापर्यंत जाळरेषा 10 फेब्रुवारीपर्यंत काढून मिळावी. मालकी क्षेत्रातील रेषेसाठी मजूर ग्रामपंचायत रोजगार हमीतून उपलब्ध करेल.' असा ठराव रेंजरला नाकारणं जड जातं, कारण निम्मं काम तुम्ही उचललेलं असतं. 'वनविभागाने वन्यप्राण्यांचा बंदोबस्त करावा' हा ठराव फाइलला लागतो आणि तिथेच राहतो.

प्रत रेंजरला, उपवनसंरक्षकांना आणि गटविकास अधिकाऱ्यांना. आवक क्रमांक घालून पोच घ्या. पंधरा दिवसांनी त्याच क्रमांकावर विचारा.